‘शो व्हर्जन पुरेसे आहे’ या आक्षेपाला उत्तर

राउटर आणि स्विचचा तपशील कसा तपासावा यावरच्या माझ्या लेखाला आपण सविस्तर प्रतिक्रिया दिलीत, त्याबद्दल आभार. आपला आक्षेप थोडक्यात असा आहे: चालू सॉफ्टवेअरची आवृत्ती दाखवणारी ‘शो व्हर्जन’ ही एक आज्ञा पुरेशी असते; शेकडो उपकरणांच्या नेटवर्कमध्ये तीही हाताने देण्याचे कारण उरलेले नाही, कारण देखरेख प्रणाली एसएनएमपीवरून (उपकरणांना दुरून माहिती विचारण्याच्या प्रमाण पद्धतीने) सर्व माहिती गोळा करतेच; त्यामुळे बूटची मांडणी (उपकरण कोणत्या फाइलवरून सुरू व्हायचे ते), सुट्या भागांची यादी, इमेजची म्हणजे सॉफ्टवेअरच्या फाइलची हॅश (फाइलच्या मजकुरावरून काढलेली, ठशासारखी खूण) असे टप्पे सांगून मी वाचकांना जुन्या पद्धतीत अडकवतो आहे. शेवटी आपण असेही विचारले आहे, की एवढी तपासणी नेमकी कधी करायची.

यातला एक भाग मला पूर्ण मान्य आहे. तीनशे स्विचवर एकेक करून लॉगिन करणे व्यवहार्य नाही, आणि जे काम स्क्रिप्टने होते ते स्क्रिप्टनेच करावे. मतभेद आहे तो उपकरणाला काय विचारायचे याबद्दल. सध्या मेमरीत चालू असलेले सॉफ्टवेअर, पुढच्या रीलोडला, म्हणजे उपकरण पुन्हा सुरू होताना, चढणारे सॉफ्टवेअर आणि आपल्या नोंदींत लिहून ठेवलेले सॉफ्टवेअर या तीन स्वतंत्र गोष्टी आहेत. त्या बहुतेक वेळा सारख्या असतात म्हणूनच त्या एकच आहेत असे वाटू लागते. ‘शो व्हर्जन’च्या वरच्या ओळी यांपैकी फक्त पहिलीबद्दल सांगतात.

आपण ज्या आज्ञेवर भर देता तिच्याच शेवटच्या ओळीपासून सुरुवात करतो, कारण ती ओळ वाचलीच जात नाही असा माझा अनुभव आहे. सिस्को कंपनीच्या पारंपरिक आयओएस या कार्यप्रणालीच्या राउटरवर तिथे कॉन्फिगरेशन रजिस्टरचे (उपकरणाने कसे सुरू व्हायचे ते ठरवणाऱ्या आकड्याचे) मूल्य असते आणि ते सामान्यतः ०एक्स२१०२ असते. पासवर्ड विसरल्यावर तो परत मिळवताना हे मूल्य ०एक्स२१४२ केले जाते, म्हणजे राउटर सुरू होताना एनव्हीरॅममध्ये (वीज गेली तरी टिकणाऱ्या मेमरीत) साठवलेले कॉन्फिगरेशन वाचत नाही. काम झाल्यावर मूल्य पूर्ववत करायचे असते. समजा ते राहून गेले. संबंधित व्यक्तीने साठवलेले कॉन्फिगरेशन हाताने चालू मेमरीत आणलेले असल्यामुळे राउटर उत्तम चालतो, राउटिंग सुरळीत असते, देखरेखीच्या पडद्यावर सर्व हिरवे दिसते, आणि ही स्थिती कितीही काळ टिकू शकते. मग एके रात्री वीज जाते, परत येते, आणि राउटर जणू नुकताच खोक्यातून काढल्यासारखा कोरा उभा राहतो. कॉन्फिगरेशन एनव्हीरॅममध्ये सुखरूप असते. ते वाचायचे नाही असा आदेशच आधी दिलेला असतो. हा दोष शोधायला एका ओळीपलीकडे काही लागत नाही, पण ती ओळ कोणीतरी अपेक्षित मूल्याशी ताडून पाहावी लागते. त्या मूल्यापुढे पुढच्या रीलोडसाठीचे मूल्य वेगळे असल्याची सूचना दिसत असेल, तर ती आणखी महत्त्वाची, कारण बदल कोणीतरी करून ठेवलेला आहे आणि तो अजून लागू व्हायचा आहे.

बूटच्या मांडणीचेही असेच आहे. नवी इमेज फ्लॅशमध्ये (उपकरणातल्या फाइली ठेवण्याच्या जागेत) उतरवली, बूटची ओळ बदलून साठवली, आणि ठरलेली देखभालीची वेळ काही कारणाने रद्द झाली, तर ‘शो व्हर्जन’ जुनी आवृत्ती दाखवत राहते आणि ते उत्तर अगदी खरे असते. परंतु पुढचा अनपेक्षित रीलोड म्हणजेच एक अपग्रेड असतो, तोही कोणी समोर नसताना होणारा. याची उलट बाजूही आहे: बूटची ओळ ज्या फाइलकडे बोट दाखवते ती जागा मोकळी करताना पुसली गेली असेल, तर चालू उपकरणाला त्याचा पत्ता लागत नाही, कारण इमेज आधीच मेमरीत आहे. सिस्कोच्या कॅटलिस्ट ९००० या स्विचच्या मालिकेत यात आणखी एक पदर येतो. इन्स्टॉल पद्धतीत उपकरण पॅकेजेस डॉट कॉन्फ या फाइलवरून सुरू होते आणि बंडल पद्धतीत थेट एका बिन फाइलवरून. दोन्ही पद्धतींत आवृत्तीचा आकडा सारखाच दिसतो, पण अपग्रेडची रीत वेगळी असते. जुनिपरच्या दुहेरी रूट विभाजन असलेल्या ईएक्स स्विचवर मुख्य विभाग बिघडला तर स्विच राखीव विभागातून सुरू होतो आणि लॉगिन करणाऱ्याला तसा ठळक इशारा देतो. आपण सुचवता त्याप्रमाणे कोणी लॉगिनच करत नसेल, तर तो इशारा वाचणार कोण? दोन्ही विभागांत कोणती आवृत्ती आहे हे स्नॅपशॉटच्या आज्ञेने दिसते, आणि ती आज्ञा स्क्रिप्टमधूनही देता येते.

आवृत्ती ‘कळली’ म्हणजे किती कळली, हाही प्रश्न आहे. ऑक्टोबर २०२३ मध्ये आयओएस एक्सई या सिस्कोच्या नव्या कार्यप्रणालीच्या वेब इंटरफेसमधली सीव्हीई-२०२३-२०१९८ ही अतिगंभीर त्रुटी जाहीर झाली, तेव्हा तिचा प्रत्यक्ष गैरवापर सुरू झालेला होता. १७.९ शाखेतली दुरुस्ती १७.९.४ए या आवृत्तीत आली, १७.९.४ असुरक्षित होती. सुरक्षित आणि असुरक्षित यांत फरक एका अक्षराचा होता. ज्यांच्या नोंदीत ‘१७.९’ एवढेच लिहिलेले होते, त्यांच्या नोंदीचा त्या दिवशी काही उपयोग नव्हता. शिवाय आयओएस एक्सईमध्ये पूर्ण इमेज न बदलता छोटे पॅच बसवता येतात, आणि बसवलेल्या पॅचची यादी ‘शो इन्स्टॉल समरी’मध्ये पाहावी लागते. स्टॅक केलेल्या (एकत्र जोडून एकाच उपकरणासारखे चालवलेल्या) स्विचमध्ये तर प्रत्येक सदस्याची आवृत्ती स्वतंत्रपणे पाहिली पाहिजे. जुळत नसलेला सदस्य ‘शो स्विच’मध्ये व्हर्जन मिसमॅच दाखवत बाजूला पडलेला असतो, आणि वरवर पाहणाऱ्याला स्टॅक चालू दिसतो.

आता एसएनएमपी. तिच्याबद्दल माझ्या मनात अढी नाही. मी स्वतः ती वापरतो. पण ती काय सांगण्याचे वचन देते हे नीट वाचले पाहिजे. सिस-अपटाइम या घटकाची व्याख्याच मुळी ‘व्यवस्थापनाचा भाग शेवटचा सुरू झाल्यापासूनचा काळ’ अशी आहे, म्हणजे संपूर्ण उपकरण तेव्हाच सुरू झाले असे त्यातून सिद्ध होत नाही. हा काळ सेकंदाच्या शंभराव्या भागात, ३२ बिटांच्या मोजणीत धरला जातो, त्यामुळे सुमारे ४९७ दिवसांनी तो शून्यावर येतो. सुमारे सोळा महिने अखंड चाललेला स्विच कालच रीलोड झाला असा गजर वाजतो तो यामुळे. खरा रीलोड झाला की नाही, आणि झाला तर वीज गेल्याने, आज्ञेने की सॉफ्टवेअर कोसळल्याने, हे ‘शो व्हर्जन’मधली शेवटच्या रीलोडच्या कारणाची ओळ सांगते. आपण देता त्या आज्ञेचे मोल मी कमी करत नाही, हे यावरून लक्षात यावे.

सुट्या भागांसाठी एन्टिटी एमआयबी हे प्रमाण आहे; एमआयबी म्हणजे एसएनएमपीवरून विचारता येणाऱ्या घटकांची यादी. त्याची २०१३ ची आवृत्ती आरएफसी ६९३३ या इंटरनेट मानकांच्या दस्तऐवजात आहे. त्यात हार्डवेअर, फर्मवेअर आणि सॉफ्टवेअर यांच्या आवृत्त्यांसाठी आणि सिरीयल क्रमांकासाठी वेगवेगळे रकाने आहेत. परंतु उपकरणाला एखादा सिरीयल क्रमांक ठाऊक नसेल तर त्याने रिकामी अक्षरमाला परत करावी, अशी तिथे स्पष्ट मुभा आहे. इतकेच काय, काही भागांचा क्रमांक उपकरणाला स्वतःहून कळत नाही हे गृहीत धरून तो रकाना बाहेरून लिहिता येण्याचीही सोय ठेवली आहे. म्हणून नोंदीतली रिकामी जागा म्हणजे ‘भाग नाही’ असा अर्थ होत नाही, आणि भरलेली जागा म्हणजे ‘भागावर छापलेला क्रमांक’ असाही नेहमी होत नाही. बूटची मांडणी किंवा कॉन्फिगरेशन रजिस्टर यांसाठी उत्पादकांच्या खासगी एमआयबी असतात, पण त्यांतले विचारायला प्रणालीला मुद्दाम शिकवावे लागते. आपल्या प्रणालीत ते केलेले असेल, तर आपल्या बाजूने माझा आक्षेप तिथेच मिटतो.

हार्डवेअरच्या बाबतीत ‘शो व्हर्जन’ अपुरे का पडते, याचे एक ठोस उदाहरण देतो. फेब्रुवारी २०१७ मध्ये सिस्कोने जाहीर केले, की एका पुरवठादाराकडून घेतलेला घड्याळ-संकेताचा घटक कालांतराने खराब होतो, सुमारे १८ महिन्यांच्या वापरानंतर तो निकामी होण्याचे प्रमाण वाढू शकते, आणि तो बंद पडला की उपकरण पुन्हा सुरू होत नाही. बाधित उत्पादनांत आयएसआर ४३३१ सारखे सर्रास वापरले जाणारे राउटर होते. अशा दोषासमोर सॉफ्टवेअरची आवृत्ती काही सांगत नाही. तिथे लागतो तो उत्पादन क्रमांक, हार्डवेअरची आवृत्ती आणि सिरीयल क्रमांक हा तिहेरी तपशील, आणि तो ‘शो इन्व्हेंटरी’ एकत्र देते. कॅटलिस्टच्या स्विचवर ‘शो व्हर्जन’मध्ये मदरबोर्डचा आणि संपूर्ण यंत्रणेचा असे दोन निरनिराळे सिरीयल क्रमांक छापले जातात; देखभाल करारासाठी दुसरा लागतो, आणि घाईत पहिला उतरवला की बदली मागताना करार सापडत नाही. सिस्कोच्या नेहमीच्या अकरा अक्षरी क्रमांकात पहिल्या तीन अक्षरांनंतरचे दोन अंक वर्ष दाखवतात: त्यांत १९९६ मिळवले की उत्पादनाचे वर्ष मिळते, म्हणजे २१ असेल तर २०१७, त्यापुढचे दोन अंक आठवड्याचे. नवे म्हणून आलेले उपकरण खरोखर किती नवे आहे, हे एवढ्यावरून कळते.

राहिली हॅश पडताळणी, जिला आपण अतिसावधपणा म्हटले आहे. सप्टेंबर २०१५ मध्ये सिन्फुल नॉक नावाने उघड झालेल्या प्रकारात सिस्कोच्या १८४१, २८११ आणि ३८२५ या राउटरवर बदललेली आयओएस इमेज बसवलेली आढळली. घुसवलेला कोड मूळ इमेजमधल्याच काही भागांवर लिहिलेला होता, त्यामुळे फाइलचा आकार बदलला नव्हता. नाव, आकार आणि आवृत्ती पाहून अशी इमेज ओळखता येत नाही. उत्पादकाने प्रसिद्ध केलेल्या हॅशशी तुलना केली तरच फरक दिसतो. बिघडवलेल्या उपकरणाने स्वतःबद्दल काढलेली हॅशही शंकास्पद असते, म्हणून संशय असेल तेव्हा फाइल बाहेर काढून दुसऱ्या संगणकावर ती मोजावी, आणि उपलब्ध असेल तर एमडी५ या जुन्या हॅशऐवजी एसएचए-५१२ ही अधिक भक्कम हॅश वापरावी. २०२० मध्ये एफ-सिक्युअर या सुरक्षा कंपनीने अभ्यासलेले बनावट कॅटलिस्ट २९६०-एक्स स्विच तर सॉफ्टवेअर अपग्रेडनंतर बंद पडले म्हणून उघडकीस आले. तोपर्यंत ते खऱ्यासारखेच काम करत होते.

कधी तपासायचे, या आपल्या प्रश्नाचे उत्तर आता सोपे आहे. आवृत्ती, अपटाइम आणि सुट्या भागांची यादी आपली प्रणाली रोज गोळा करते, ते तसेच चालू द्यावे. कॉन्फिगरेशन रजिस्टर, बूटची मांडणी आणि वीजपुरवठ्याची स्थिती यांची तुलना स्क्रिप्टने आठवड्यातून एकदा करावी; दुहेरी वीजपुरवठ्यातला एक बंद असला तरी उपकरण चालत राहते, म्हणून तोही या यादीत हवा. हॅश मात्र इमेज फ्लॅशमध्ये उतरवल्यावर, रीलोड करण्याआधी तपासावी, कारण अर्धवट उतरलेली फाइलही तिथेच पकडली जाते. आणि कोणताही नियोजित रीलोड करण्यापूर्वी वरील सर्व आज्ञांचे उत्तर फाइलमध्ये साठवून ठेवावे, रीलोडनंतर पुन्हा घ्यावे, आणि दोन्ही फाइली ओळीने ओळ ताडून पाहाव्यात. आपल्याकडे स्क्रिप्टची यंत्रणा आहेच, तेव्हा हे चार-पाच आज्ञांचे काम तिच्यात जोडून पाहा, आणि पहिल्या फेरीत काय वेगळे निघाले ते इथे जरूर लिहा.