घरात एक मतदार, एक परका

आमच्या घरात बायकोला मत आहे, मला नाही. ती २०२३ मध्ये अमेरिकेची नागरिक झाली. मी अजून ग्रीन कार्डवर, कारण भारताचा पासपोर्ट हातातून सुटत नाही. कर दोघंही भरतो. राहतो पेन्सिल्व्हेनियातल्या बक्स काउंटीत. ज्यांना नाव ओळखीचं वाटतंय त्यांच्यासाठी: ऑक्टोबर २०२४ मध्ये ट्रम्प एप्रन बांधून मॅकडोनाल्ड्समध्ये फ्राइज तळायला उभे राहिले ना, ते इथलंच. आमच्यापासून वीस मिनिटांवर.

मतदार नोंदणीचा फॉर्म भरताना बायकोने विचारलं, "अरे, पक्ष कोणता लिहू?" मला वाटलं चेष्टा करतेय. पण फॉर्मवर खरंच रकाना होता: डेमोक्रॅटिक, रिपब्लिकन, आणखी एक-दोन, आणि 'कुठलाच नाही'. सरकारी कागदावर स्वतःचा पक्ष! आपल्याकडे तहसील कचेरीत कुणी असं विचारलं तर संध्याकाळपर्यंत बातमी होईल. इथे त्यामागे व्यवहार आहे. पक्षाचा उमेदवार ठरवायची जी प्राथमिक निवडणूक असते, तिच्यात या राज्यात फक्त त्या पक्षात नोंदलेल्यांनाच मत देता येतं. आणि ही यादी गुप्त नसते. वीस डॉलर भरून निवडणुकीच्या कामासाठी अख्ख्या राज्याची यादी मिळते. तुम्ही कुणाला मत दिलं ते त्यात नसतं, पण तुमचा पक्ष आणि कधी मतदानाला गेलात, हे असतं.

बायकोने 'कुठलाच नाही'वर खूण केली आणि आपण सुटलो असं तिला वाटलं. झालं उलटंच. कुंपणावरचा मतदार म्हणून दोन्हीकडचे लोक आमच्याच दारात. सप्टेंबरपासून पत्रपेटीत रोज गठ्ठा. शनिवारी बेल वाजायची, मी दार उघडायचो, बाहेरचा मुलगा फोनमध्ये बघून बायकोचं नाव घ्यायचा. ती घरात नाही, आणि मला मत नाही, असं सांगितलं की त्याचा चेहरा बोहारणीला 'आज जुने कपडे नाहीत' म्हटल्यावर होतो तसा व्हायचा.

मला मत नाही म्हणून मला मतं नाहीत असं नाही. तेच तर सांगायचंय. आमच्या ओळखीच्या मराठी मंडळींत निम्म्याहून जास्त लोक व्हिसावर किंवा ग्रीन कार्डवर, म्हणजे बिनमताचे. पण ऑक्टोबरमध्ये व्हॉट्सअॅप ग्रुपवर अशी जुंपली की दिवाळीच्या फराळाची यादी करायला वेगळा ग्रुप काढावा लागला. गणपतीत खांद्याला खांदा लावून मखर उभारणारे दोघे अजून एकमेकांशी बोलत नाहीत. दोघांपैकी एकालाही मतदानाचा हक्क नाही! भारतातले नातेवाईक तर आणखी पुढे. २०१९ मध्ये ह्यूस्टनच्या स्टेडियममध्ये 'अबकी बार ट्रम्प सरकार' ऐकल्यापासून माझा एक मावसभाऊ स्वतःला रिपब्लिकनच समजतो. राहतो कराडला. वर हेच सगळे मला म्हणतात, "काय रे तुमचे अमेरिकन, आंधळे आहेत, पक्षापुढे काही दिसतच नाही त्यांना."

दिसतं. एका पदासाठी एका पक्षाला आणि दुसऱ्या पदासाठी दुसऱ्या पक्षाला मत देणारे लोक कमी झालेत, पण संपलेले नाहीत. २०२४ मध्येच ॲरिझोना, मिशिगन, नेवाडा आणि विस्कॉन्सिन या चारही राज्यांत ट्रम्प जिंकले आणि त्याच दिवशी सिनेटची जागा मात्र डेमोक्रॅट उमेदवाराला गेली. आमच्या काउंटीने २०१६ ला क्लिंटन, २०२० ला बायडन आणि २०२४ ला ट्रम्प यांना कौल दिला; २०२४ चा फरक तर तीनशे मतांहूनही कमी. त्यामुळे 'आंधळे' हा शब्द मला पटत नाही.

दुरावा मात्र खरा आहे. मुलाने किंवा मुलीने दुसऱ्या पक्षाच्या घरात लग्न केलं तर वाईट वाटेल का, असं इथे १९६० मध्ये विचारलं होतं. तेव्हा जेमतेम पाच टक्के लोक हो म्हणाले. २०१० मध्ये पुन्हा विचारलं, तर रिपब्लिकनांत जवळजवळ निम्मे आणि डेमोक्रॅटांत तिघांतला एक. हे वाचून मला आमच्या आळीतली स्थळं बघणारी माणसं आठवली. तिथे आडनावावरून काय ते कळायचं, इथे अंगणात लावलेल्या प्रचाराच्या पाटीवरून.

पण मला खरा धक्का बसला तो मतदानाच्या दिवशी. आई जिल्हा परिषदेच्या शाळेत शिक्षिका होती. निवडणूक ड्युटी लागली की आदल्या दिवशीच मतपेट्या घेऊन निघायची, रात्री कुठल्यातरी शाळेत बाकावर झोपायची. तिला कुठल्याही पक्षाचं असायची मुभा नव्हती. अंपायर म्हणजे असाच, हे माझ्या डोक्यात पक्कं. इथे बायकोला सोडायला गेलो तर केंद्रावर बसलेली माणसं निवडून आलेली, आणि उघडपणे पक्षाची! पेन्सिल्व्हेनियात प्रत्येक केंद्रावर एक मुख्य आणि दोन निरीक्षक असतात. मतदाराला निरीक्षकासाठी एकच मत. पहिला येतो तो बहुमताचा, दुसरा अल्पमताचा. म्हणजे हरलेल्यालाही खुर्ची. पक्ष लपवायचा नाही, दोघांना एकाच टेबलाशी बसवायचं आणि एकमेकांवर नजर ठेवायला लावायचं.

यात घोटाळा होऊ शकतो का? होतो की. २००० साली फ्लोरिडात ५३७ मतांवर राष्ट्राध्यक्षपदाची अख्खी निवडणूक अडली, तेव्हा निकालावर सही करणाऱ्या कॅथरीन हॅरिस, म्हणजे राज्याच्या निवडणुका बघणाऱ्या 'सेक्रेटरी ऑफ स्टेट', याच रिपब्लिकन उमेदवार बुश यांच्या तिथल्या प्रचाराच्या सहअध्यक्ष होत्या. आईला हे सांगितलं तर तिचा विश्वास बसेना. पण २०२० ला जॉर्जियात त्याच पदावर ब्रॅड रॅफेन्सपर्गर होते, पक्के रिपब्लिकन. त्यांच्याच पक्षाचे राष्ट्राध्यक्ष ट्रम्प तिथे हरले होते, त्यांनी फोन करून ११,७८० मतं शोधायला सांगितलं. रॅफेन्सपर्गर यांनी ऐकलं नाही. म्हणून मला 'पक्षाचा माणूस आहे, म्हणजे विकला गेलेला' हे वाक्य आता खपत नाही. मात्र हेच वाक्य दोन्ही बाजूंचे मतदार विरुद्ध बाजूच्या माणसाबद्दल आता सर्रास बोलतात आणि टेबलाची सगळी रचना तिथेच कच्ची पडते. शेजारचे आजोबा मला शांतपणे म्हणाले होते, "आमचे हरले तर समजायचं गडबड झाली." त्यांचे जिंकले, आणि त्यानंतर आजोबांनी मोजणीबद्दल एक अक्षर काढलं नाही.

यंदा उन्हाळ्यात आमच्या केंद्रावरच्या बाई घरी आल्या. सत्तरीच्या, चालताना काठी. त्यांना माणसं कमी पडतात; सकाळी सहा ते रात्री, पैसे किरकोळ. बायकोने हौसेने हो म्हटलं. जाताना त्यांनी अगदी सहज विचारलं, "कुठल्या बाजूने मांडू तुला? दोन्हीकडे जागा आहे."

फॉर्म फ्रिजवर लोहचुंबकाखाली आहे. पक्षाचा रकाना सोडून बाकी सगळं भरून झालंय.