बाळंतिणीला भेटायला जाताय? मग एवढं कराच

धाकट्या बहिणीचं बाळंतपण आमच्याकडे झालं. सव्वा महिना उलटला आणि भेटणाऱ्यांचा पूर आला. गेल्या रविवारी अकरा माणसं येऊन गेली. त्यांच्याकडून शिकलेलं तुमच्या हवाली करते.

फोन करून जाऊ नका. बाळंतिणीचा नुकता डोळा लागला असेल तर उत्तम. "उठव गं तिला, लांबून आलोय."

मुलगी झाली असेल तर "पहिली बेटी धनाची पेटी" म्हणा. आधी सुस्कारा टाकायला विसरू नका.

पोट अजून उतरलं नाही, हे तिला सांगा. तिच्याकडे आरसा नसतो.

मग मुख्य विषय: दूध. "पुरतंय ना गं?" अकरांपैकी नऊ जणांनी विचारलं. पहिल्या दोघांना ती हसून हो म्हणाली. पुढे नुसती मान. एका मावशींनी रडणारं बाळ तिच्या मांडीवरून उचललं आणि भरल्या घरात जाहीर केलं, "उपाशी आहे गं हे! आमच्या वेळी पदर भिजायचे." दिवसाला सात-आठ लंगोट ओले होतात, वजन वाढतंय, डॉक्टर म्हणतात पुरतंय. पण मावशींच्या डोळ्यापुढे काटा काय चीज! त्या गेल्या, जेवून, पान खाऊन. रात्री तीनला मी पाणी प्यायला उठले तर ही स्वयंपाकघरात अंधारात, फरशीवर. बाळ खांद्यावर गाढ झोपलेलं. "ताई, मी चांगली आई नाहीये ना?"

ती रडली तर मीठ-मोहऱ्या ओवाळा. दृष्टच ती.

नवरोबांनी फक्त स्टेटस बदलावं.

डॉक्टरांनी सहाव्या आठवड्याला टाके पाहावेत, बाळाची लस पाहावी आणि पुढचा नंबर बोलवावा. मन तपासायची एडिंबरा प्रश्नावली १९८७ पासून आहे. दहाच प्रश्न, पाच मिनिटांचं काम. पण पाच मिनिटं आणायची कुठून?

छे, नाही जमत मला हे गोड गोड लिहिणं.

अहो, पहिल्या दहा-पंधरा दिवसांतलं रडू बहुतेकींचं आपोआप ओसरतं. त्यापुढेही थांबत नसेल, बाळ झोपलं तरी आईला झोप येत नसेल, तर तो आजार आहे. नखरे नाहीत, "आयतं खाऊन सुचतंय" नाही. जागतिक आरोग्य संघटना सांगते, जगभरात नुकत्याच बाळंत झालेल्या शंभरातल्या तेरा जणींना मानसिक त्रास होतो, मुख्यतः नैराश्याचा. उपचार आहेत. अंगावर पाजत असतानाही चालतील अशी औषधं आहेत. टेली मानस या सरकारी मानसिक आरोग्य हेल्पलाइनचा नंबर १४४१६ फुकट आहे, मराठीत बोलतात, आणि घरातल्या कुणीही फिरवला तरी चालतो. आम्ही सोमवारी फिरवला. तोवर सात आठवडे गेले होते, कारण आम्हीही लंगोटच मोजत होतो.

घरात येऊन एकदा तरी तिला विचारा ना, जेवलीस का म्हणून! दोन तास बाळ धरा, तिला झोपू द्या. नाही जमत? मग घरी बसा.

आणि मावशी, डिंकाचे लाडू छान झाले होते. डबा न्यायला येऊ नका, मी पाठवते.