चुन्याच्या भट्ट्यांची आणि घाण्यांची यादी कोण करणार?

२०२७च्या सिंहस्थासाठी नाशकात कामं निघाली आहेत. घाट, रस्ते, पूल, सगळं व्हायलाच हवं. पण जेसीबी लावण्याआधी जिल्ह्यात चुन्याच्या जुन्या भट्ट्या आणि चुना मळायच्या घाण्या कुठे उरल्यात याची यादी करा, ही माझी कळकळीची मागणी आहे. देवळांची, वाड्यांची नोंद होते. त्यांचा चुना जिथे भाजला, जिथे मळला, त्या जागा कुणाच्या खिजगणतीतही नाहीत.

आपला मुलूख काळ्या पाषाणाचा, चुनखडीचे डोंगर इथे नाहीत. काळ्या मातीत, ओढ्यांच्या दरडीत मिळणारे चुनखडीचे खडे वेचून भाजायचे. खड्यांचा एक थर, लाकडाचा किंवा कोळशाचा एक, खाली हवेला तोंड. साधारण ९०० अंशांना दगडातला कार्बन डायऑक्साइड निघून जातो. शुद्ध चुनखडी १०० किलो घातली तरी कळीचा चुना ५६ किलोच. आच कमी पडली की खड्याचा गाभा कच्चा, जास्त झाली की चुना पाण्यात नीट फुलत नाही. हे सगळं चुना भाजणारी लोणारी मंडळी नजरेच्या अंदाजाने सांभाळत. शिवाय या खड्यांत मातीचा अंश असतो, म्हणून त्यांचा चुना ओलीतही घट्ट होतो. नदीघाटाला आणखी काय हवं?

घाणी बघितली असेल तर आठवा: जमिनीत दगडी गोल चर, त्यात उभं दगडी चाक, चाकाच्या भोकातून दांडा आणि त्याला बैल. चाक फिरून फिरून चराचा तळ गुळगुळीत झालेला असतो, बोट फिरवलं की कळतं. चुना, वाळू, कुठे गूळ, कुठे बेलफळाचं पाणी, आणि मळणं मात्र भरपूर.

१९१४ मध्ये पोरबंदरला सिमेंट तयार होऊ लागलं आणि पुढे भट्ट्या विझत गेल्या. त्याचं दुःख नाही. राग येतो तो आज चुन्यातल्या जुन्या भिंतीच्या सांध्यात सिमेंट भरतात त्याचा. चुना ओल बाहेर सोडतो, सिमेंट अडवतं. मग क्षार दगडाच्या तोंडाशी साचतात आणि दगडाचे पापुद्रे सुटतात. दुरुस्ती चुन्यातच हवी, आणि जुना चुना कसा व्हायचा याचा पुरावा या भट्ट्यांतच आहे. आतल्या भिंतीचा खंगर (आचेने वितळून कडक झालेला थर), तळाची राख, अर्धवट भाजलेले खडे, सगळं तपासता येतं.

तुमच्या गावात भट्टी किंवा घाणी असेल तर कमेंटमध्ये फोटो टाका. गाव, तालुका, चाकाची रुंदी आणि शेजारी विहीर किंवा ओढा आहे का, एवढं लिहा. चाक उचलून बागेत शोभेला ठेवलं असेल तर मूळ जागा कुठली होती, तेही म्हाताऱ्या माणसांना विचारून लिहा.