नोटेवरचा पूल

बंड्या जर्मनीहून सुट्टीवर आलाय. युरोपीय युनियनचा आता एकच देश व्हावा, असं त्याचं म्हणणं. काल चहा येईपर्यंत त्यानं पाच युरोची नोट काढून दाखवली. एका बाजूला कमान, दुसऱ्या बाजूला पूल.

"कुठला रे हा पूल?" पिंट्यानं विचारलं.

"कुठलाच नाही. चित्रकाराच्या मनातला. एका देशाचा खरा पूल छापला असता, तर बाकीचे रुसले असते."

मास्तरांनी तिथंच पकडलं. "ज्यांचं एका पुलावर एकमत होत नाही, ते एक देश कसले होणार?"

बंड्या पेटला. "मास्तर, व्हायलाच हवा! 27 देश, परराष्ट्र धोरणावर एकानं नाही म्हटलं की गाडं अडलं. बहुतेकांचं नाणं एक, तिजोऱ्या वेगळ्या. 2015 मध्ये ग्रीसमध्ये बँका बंद होत्या, एटीएममधून दिवसाला फक्त 60 युरो. म्हातारी माणसं रांगेत! एक देश असता तर केंद्रानं सावरलं नसतं?"

"सावरलं की, पण कर्ज देऊन, अटी घालून," मास्तर म्हणाले. "आपल्याकडे वित्त आयोग बिहारला वाटा देतो, ते कर्ज नसतं. आपण कुरकुरतो, पण देतो. युनियनचं सामाईक बजेट सगळ्यांच्या मिळून उत्पन्नाच्या 1 टक्क्याच्या आसपास. एवढ्यात देश चालतो होय?"

"मग वाढवा! भाषा त्यांच्या 24, आपल्या आठव्या अनुसूचीत 22. आपण नांदतोय ना?" पिंट्या म्हणाला.

इथं मला राहवेना. आपण आधी एकत्र लढलो, मग 1951-52 मध्ये रत्नागिरीच्या आणि आसामच्या माणसानं एकाच सरकारसाठी मत दिलं. युरोपीय संसदेला मात्र प्रत्येक देश आपापल्या पक्षांतूनच खासदार पाठवतो. 2005 मध्ये सामाईक राज्यघटनेवर लोकांना विचारलं, तर फ्रान्स आणि नेदरलँड्स नको म्हणाले. दोघंही युनियनची सुरुवात करणाऱ्या पहिल्या सहा देशांतले! तरी त्यातलं बरंचसं 2007 च्या लिस्बन करारातून आलंच, आणि त्या दोन देशांत लोकांना पुन्हा विचारलं नाही. हे मला अजून खुपतं.

"लोकांना विचारत बसलं तर कधीच होणार नाही," बंड्या म्हणाला.

"मग न होऊ दे," मी म्हटलं.

बंड्या गप्प झाला. मग म्हणाला, "मी जर्मनीच्या सीमेवरच्या केल गावात राहतो. ट्राममध्ये बसलं की ऱ्हाइन ओलांडून फ्रान्स, स्ट्रासबुर्ग. याच नदीकाठी युद्धांत दोन्हीकडची माणसं मेली. मला सीमा कळायचीसुद्धा नाही. 2024 मध्ये जर्मनीनं सगळ्या सीमांवर पुन्हा तपासणी सुरू केली. त्याला कुणाचं मत घेतलं?"

यावर माझ्याकडे उत्तर नव्हतं. मास्तरांनी नोट उचलली आणि पूल पुन्हा निरखून पाहिला.