उघड्या कंसातली लेखिका

मराठी शाळांना लेखकाची आठवण वर्षातून तीनदा येते. १५ ऑक्टोबरला डॉ. अब्दुल कलामांची जयंती असते, ती आपल्याकडे वाचन प्रेरणा दिन म्हणून साजरी होते. १४ नोव्हेंबरला बालदिन. आणि २७ फेब्रुवारीला कुसुमाग्रजांचा जन्मदिवस, म्हणजे मराठी भाषा गौरव दिन. यातला बालदिन बरेचदा दिवाळीच्या सुट्टीत सापडतो आणि आपोआप रद्द होतो. माझ्यासारख्या मुलांसाठी लिहिणाऱ्या बाईचे उरले दोन दिवस. त्या दोन दिवशी तालुक्यातल्या सगळ्या शाळांना सकाळी दहा वाजता मीच हवी असते. अकरा कुणालाच चालत नाहीत, कारण मग मधली सुट्टी होते.

फोन येतो परवावर कार्यक्रम आल्यावर. "मॅडम, याल का? साहेब येणार होते, पण त्यांची ऐनवेळी मीटिंग लागली." कोणते साहेब, ते मी विचारत नाही. "आणि मॅडम, तुम्ही छोट्या छोट्या गोष्टी लिहिता ना, तर भाषणही छोटंसंच करा. पहिली ते दहावी, सगळी मुलं एकत्र बसवतोय."

पहिली ते दहावी एकत्र, हा खरा घाम काढणारा प्रकार. पहिलीतल्या मुलाला माकड हवं असतं आणि दहावीतल्या मुलाला घरी जायचं असतं. मध्ये सातवीच्या मुली असतात, त्याच काय त्या ऐकतात, आणि त्यांच्यामागे उभ्या असलेल्या बाई दर अर्ध्या मिनिटाला "शूऽऽ" करून नेमकं वाक्य खातात. मी माकडापासून सुरुवात करते. मागून मिसरूड फुटलेली पोरं माझ्याकडे अशी बघतात, की मला माकडाचीच लाज वाटते.

भाषणानंतर प्रश्नोत्तरं. "तुम्हाला लिहायची प्रेरणा कुठून मिळाली?" हा प्रश्न बाईंनी लिहून दिलेला असतो; मुलगा तो तळहातावर बघून विचारतो. मुलांचे स्वतःचे प्रश्न नंतर येतात. "तुम्हाला पगार कोण देतं?" "तुम्ही यूट्यूबवर आहात का?" एका चौथीतल्या मुलानं तर बराच वेळ मला निरखून विचारलं, "तुमचा कंस पूर्ण झाला नाही का अजून?" मला आधी कळेना. मग उलगडा झाला. पाठ्यपुस्तकात धड्याबरोबर लेखकाचा परिचय असतो. साने गुरुजी (१८९९–१९५०). भा. रा. भागवत (१९१०–२००१). त्याच्या पाहण्यातला एकूण एक लेखक असा दोन आकड्यांच्या मध्ये व्यवस्थित मिटवून ठेवलेला होता. मी पहिला आकडा लावून, कंस उघडा टाकून समोर खुर्चीत बसले होते, आणि त्या मुलाला हा अपुरा गृहपाठ वाटत होता. "नाही झाला," मी म्हणाले. त्यानं समजुतीनं मान हलवली.

मग गोष्ट. माझ्या एका गोष्टीत एक पाल शाळेच्या घड्याळामागे राहते आणि तिला पोहोचायला कायम उशीर होतो. एवढंच आहे त्यात. मुलं हसली. ती हसत असतानाच मुख्याध्यापकांनी माइक ओढून घेतला. "तर मुलांनो, या गोष्टीतून आपण काय शिकलो?" मैदान गप्प. पुढच्या रांगेतली एक मुलगी उभी राहिली आणि स्वच्छ म्हणाली, "काही नाही." माझ्या लेखनावर आलेलं याहून नेमकं परीक्षण मी वाचलेलं नाही. पण सरांनी पाल वेळेवर येत नाही म्हणून वेळेचं महत्त्व काढलंच, आणि वेळेवर न आलेल्या मुलांना उभं केलं.

शेवटी सत्कार. हल्ली "बुके नको, बुक द्या" अशी चांगली पद्धत पडली आहे, त्यामुळे मला पुस्तक मिळतं. ते कधीही मुलांचं नसतं. यशस्वी कसं व्हावं, श्रीमंत कसं व्हावं, पहाटे कसं उठावं. या विषयांवरचं माझं कपाट आता भरलं आहे. नारळ मात्र सुटत नाही. माझ्या ८० रुपयांच्या पुस्तकामागे दहा टक्क्यांनी मला आठ रुपये मिळतात. म्हणजे चाळीसचा नारळ विकत घ्यायचा तर पाच मुलांनी पुस्तक घ्यायला हवं. वाचनालयातून आणून वाचलं तर नाही चालत. त्या हिशेबानं शाळेत जाणं मला लिहिण्यापेक्षा परवडतं.

पुस्तकाचं गणितही गमतीचं आहे. छपाईचा एक फॉर्म सोळा पानांचा. माझी गोष्ट नेमकी पस्तीस पानांवर संपली. प्रकाशक म्हणाले, "मॅडम, गोष्ट झकास आहे, पण फॉर्मात बसत नाही. तीन पानं काढा, नाहीतर तेरा वाढवा." मी तीन काढली. त्यात एक मावशी गेली. पण चित्रकारानं ती आधीच रंगवली होती आणि त्याला ती फार आवडली होती, त्यामुळे शेवटच्या जत्रेच्या चित्रात ती हातात भोपळा घेऊन उभी आहे. मुलं हमखास तिच्यावर बोट ठेवून विचारतात, ही कोण? पुस्तकात सगळ्यात जास्त चर्चा तिचीच होते.

नातेवाईक विचारतात, "आता मोठ्यांसाठी कधी लिहिणार?" जणू मी बालवाडीत नापास होत राहिले आहे. ज्ञानपीठ मिळालेल्या विंदा करंदीकरांनी मुलांसाठी किती कविता लिहिल्या, हे मी सांगते, मग ते म्हणतात, "हो, पण त्यांनी मोठ्यांसाठीही लिहिल्या ना!" इथे बोलणं खुंटतं. साहित्य अकादमीचे पुरस्कार १९५५पासून आहेत, बालसाहित्याचा वेगळा सुरू झाला २०१०मध्ये. मोठ्यांचा एक लाखाचा, मुलांचा पन्नास हजारांचा. एसटीत पाच ते बारा वर्षांच्या मुलांना अर्धं तिकीट असतं, तसंच हे. तक्रार नाही. २०२३पासून एसटीत बायकांनाही अर्धंच तिकीट आहे, तेव्हा मी दोन्हींकडून सवलतीतच प्रवास करते.

यातून सुटायला म्हणून मी कुमारांसाठी कादंबरी लिहायला घेतली. बारा ते सोळा वयाचा वाचक, म्हणजे ना धड माकड, ना धड प्रेम. भागवतांचा फुरसुंगीचा बनेश फेणे सायकलवर टांग टाकून बदमाशांच्या मागे खुशाल सुटायचा. माझ्या नायकानं पहिल्याच प्रकरणात सायकल काढली, तर समासात शेरा आला: "हेल्मेट?" दुसऱ्या प्रकरणात तो क्लासला दांडी मारतो, "पालकांना रुचणार नाही." आजोबा तपकीर ओढतात, "आजोबांना बडीशेप द्यावी." चौथ्या प्रकरणात तो रात्री एकटा किल्ल्यावर जातो, तिथे शेरा नव्हता, फक्त पेन्सिलीनं ओढलेली एक लांब रेघ होती. सगळ्या दुरुस्त्या केल्यावर नायक घरीच बसून होता, बडीशेप खात.

भांडून मी निम्मी कादंबरी परत मिळवली. किल्ला आला, दांडी आली, तपकीर गेली ती गेलीच. भाषेसाठी भाचा मदतीला होता. तो तेव्हा आठवीत. मी संवाद वाचून दाखवायची, तो कपाळाला हात लावायचा. "मावशी, 'कडक' कुणी नाही म्हणत आता." मग काय म्हणतात? तो सांगायचा, मी लिहायची. पुढच्या महिन्यात म्हणायचा, तेही गेलं. मुलं शब्द टाकून देतात त्या वेगानं मला लिहिता येत नाही, आणि मी लिहिते त्या वेगानं प्रकाशकांना छापता येत नाही. मध्ये कागद महागला, मग चित्रकाराचं लग्न निघालं, मग दिवाळी अंकांची गडबड, मग शाळा सुरू झाल्यावरच काढू असं ठरलं. कुठल्या वर्षीची शाळा ते ठरलं नव्हतं.

गेल्या आठवड्यात अखेर प्रुफं आली. भाचा आता इंजिनीअरिंगला आहे, सुट्टीला आला होता. एका बैठकीत त्यानं सगळी वाचून काढली, दोन ठिकाणी मोठ्यानं हसला, आणि गठ्ठा माझ्या हातात देत म्हणाला, "मस्त आहे गं मावशी. पण हे आमच्या काळचं आहे. आजकालच्या पोरांना कळेल का?"