फील्ड गोल मारायला हवा होता म्हणे!

डेट्रॉइट लायन्स या आमच्या अमेरिकन फुटबॉल टीमच्या २०२३ च्या सीझनचा विषय निघाला की कोणीतरी एक जण मान हलवत म्हणणारच, "सगळं भारी होतं गं, पण कॅम्पबेलने फील्ड गोल मारायला हवा होता." ऑफिसात, मंडळाच्या पिकनिकला, देवळाच्या पार्किंगमध्ये, कुठेही. (कॅम्पबेल म्हणजे आमचा कोच, आणि विषय जानेवारी २०२४ मध्ये सॅन फ्रान्सिस्कोविरुद्ध हरलेल्या सेमीफायनलचा.) मला या वाक्याचा आता जाम वैताग आलाय, म्हणून एकदाच काय ते सविस्तर लिहून टाकते, पुढच्या वेळी लिंक पाठवली की काम झालं.

ज्यांना हा खेळ माहीत नाही त्यांच्यासाठी पटकन सांगते. दहा यार्ड पुढे सरकायला चार चान्स मिळतात, त्यांना डाऊन म्हणतात. तीनमध्ये नाही जमलं तर चौथ्याला बहुतेक कोच बॉल लांब किक मारून समोरच्याला देऊन टाकतात (हा पंट), किंवा गोलपोस्ट टप्प्यात असेल तर किक मारून तीन पॉइंट पदरात पाडून घेतात, त्याला फील्ड गोल म्हणायचं. बॉल घेऊन शेवटची रेष ओलांडली तर टचडाऊन, सहा पॉइंट, आणि वर किक मारून एक किंवा आणखी एक प्ले खेळून दोन. डॅन कॅम्पबेल हा बाबा चौथ्यालाही खेळायला जातो. जमलं तर जमलं, नाही तर बॉल तिथल्या तिथे समोरच्याचा.

आणि ही टीम कोणती, तर शेवटची चॅम्पियनशिप १९५७ ची, म्हणजे सुपर बोल नावाची फायनल सुरू व्हायच्याही आधीची. तेव्हापासून २०२३ चा सीझन सुरू होईपर्यंत प्लेऑफमध्ये, म्हणजे सीझननंतरच्या बाद फेरीत, जिंकलेली मॅच फक्त एक, जानेवारी १९९२ मध्ये डॅलसविरुद्धची. २००८ ला तर सोळाच्या सोळा हरले. बॅरी सँडर्ससारखा आमचा स्टार खेळाडू १९९९ मध्ये त्याच्या गावाकडच्या पेपरला फॅक्स पाठवून रिटायर झाला, अंगात खेळ शिल्लक असताना. लोक डोक्यावर कागदी पिशव्या घालून स्टेडियममध्ये बसायचे, तोंड दाखवायची लाज म्हणून. आम्ही गाड्यांच्या नोकऱ्यांपायी डेट्रॉइटजवळच्या नोव्हाय, कँटन, ट्रॉयला येऊन पडलेले लोक, आम्हाला तर पहिल्याच हिवाळ्यात ऑफिसातल्या मंडळींनी प्रेमाने सांगितलं होतं की बाई गं, या टीमच्या नादी लागू नकोस. लागले.

कॅम्पबेल २०२१ ला आला. पहिल्याच प्रेस कॉन्फरन्समध्ये म्हणाला आम्हाला पाडलं तर उठता उठता तुमच्या गुडघ्याची वाटी चावू, आणि अख्ख्या देशाने त्याला येडा ठरवला. पहिल्या सीझनला तीन विजय, दुसऱ्याला सात मॅचनंतर एक. तेव्हा याला हाकला म्हणणारे आणि आता फील्ड गोलचं ज्ञान देणारे बरेचसे तेच आहेत, मला नावानिशी माहीत आहेत, लिहीत नाही. तो सीझन नऊ विजय, आठ पराभवांवर संपला आणि शेवटच्या रविवारी, स्वतःचा प्लेऑफचा चान्स संपलेला असताना, ग्रीन बेला त्यांच्याच मैदानात हरवून त्यांनाही घरी बसवलं. आणि क्वार्टरबॅक (बॉल टाकणारा मुख्य खेळाडू) जॅरेड गॉफ, ज्याला लॉस एंजेलिसच्या रॅम्सने वर ड्राफ्टचे पिक (नवे खेळाडू निवडायचे हक्क) देऊन आमच्याकडे ढकलला आणि बदल्यात आमचा क्वार्टरबॅक स्टॅफर्ड नेला, आणि स्टॅफर्डने तिकडे जाऊन पहिल्याच वर्षी सुपर बोल जिंकला. जखमेवर मीठ म्हणजे किती.

तर २०२३. पहिलीच मॅच कॅन्सस सिटीला, चॅम्पियन टीमच्या घरी. पहिल्याच क्वार्टरमध्ये चौथा डाऊन, बॉल स्वतःच्या १७ यार्डवर, जिथे कुठलाही शहाणा कोच डोळे झाकून पंट मारेल, तिथे या माणसाने पंटचं नाटक केलं आणि खेळला. जमलं. त्याच चढाईत टचडाऊन, आणि मॅच जिंकली किती ने, तर २१-२०. नोव्हेंबरमध्ये चार्जर्सविरुद्ध ३८-३८, दोन मिनिटंही उरलेली नाहीत, चौथा डाऊन, दोन यार्ड हवेत. किक मारली असती तर तीन पॉइंटची लीड मिळाली असती, पण समोरच्या क्वार्टरबॅक हर्बर्टच्या हातात बॉल आणि वेळ दोन्ही गेले असते. कॅम्पबेल खेळला, आमच्या लापोर्टाने कॅच घेतला, घड्याळ संपवलं आणि शेवटच्या सेकंदाला किक मारून ४१-३८. त्या दिवशी सगळ्यांचे स्टेटस काय होते आठवतं का? "काय डेरिंग आहे!" वगैरे. म्हणजे सिक्स गेला की वाघ आणि बाउंड्रीवर कॅच गेला की बेजबाबदार.

२४ डिसेंबरला मिनेसोटात डिव्हिजन, म्हणजे चार टीमचा आमचा गट, जिंकली, तीस वर्षांनी. मग १४ जानेवारीला, भोगीच्या रात्री, तोच स्टॅफर्ड रॅम्स घेऊन फोर्ड फील्डवर आला आणि सगळं स्टेडियम गॉफच्या नावाने ओरडत होतं. २४-२३. बत्तीस वर्षांनी प्लेऑफची मॅच जिंकली. माझ्या घरी बाजरीची भाकरी तव्यावर करपली आणि कोणी काही बोललं नाही. पुढच्या रविवारी टँपा बेला हरवलं.

आता तो २८ जानेवारी. मी त्या संध्याकाळी हळदीकुंकू ठेवलं होतं. तारीख डिसेंबरात ठरवली होती आणि डेट्रॉइटमध्ये राहणारा कोणीही जानेवारीचा शेवटचा रविवार मॅचसाठी राखून ठेवत नाही, प्रश्नच येत नाही. त्यामुळे एकीकडे अत्तर, गुलाबपाणी, वाण म्हणून आणलेले स्टीलचे डबे, आणि दुसरीकडे टीव्हीवर सॅन फ्रान्सिस्कोविरुद्ध हाफटाइमला २४-७ ने आपण पुढे. सुपर बोल तीस मिनिटांवर. पैठणी नेसलेल्या बायका हाय फाइव्ह देत होत्या.

मग तिसरा क्वार्टर, २४-१०, चौथा डाऊन, दोन यार्ड, बॉल त्यांच्या २८ वर. किक मारायची तर ४६ यार्डांची. खेळला. गॉफने बॉल बरोबर टाकला, जॉश रेनल्ड्सच्या हातात लागला आणि खाली पडला. सोफ्यावरच्या एका मैत्रिणीच्या सासूबाई, आयुष्यात पहिल्यांदा फुटबॉल बघणाऱ्या, पटकन म्हणाल्या, "अगं, हातात आला होता की!" बास. माझा सगळा मुद्दा हाच आहे. प्लॅन चालला होता, माणूस मोकळा होता, बॉल पोचला होता. त्यानंतर त्यांचा लांब टाकलेला बॉल आमच्याच डिफेंडरच्या हेल्मेटवर आपटून वर उडाला आणि त्यांच्या आयुकने पडता पडता झेलला, ५१ यार्ड. मग आमच्या पुढच्याच प्लेला गिब्सच्या हातातून बॉल सुटला. यातलं कुठलं फील्ड गोलने थांबलं असतं सांगा. शेवटी ३४-३१.

आणि एक गंमत, जी कोणी काढतच नाही. हाफटाइमच्या अगदी आधी चौथा डाऊन होता, टचडाऊनला तीन यार्ड बाकी, आणि तिथे या तथाकथित जुगाऱ्याने गपचूप तीन पॉइंट घेतले होते. तिथूनच २४ झाले ना.

मी आंधळी भक्त नाहीये. डिसेंबरमधल्या डॅलसच्या मॅचला, शेवटी एका पॉइंटने मागे असताना, रेफ्रीने आमच्या डेकरचे दोन पॉइंट काढून घेतले तो अन्यायच, पण पेनल्टीने बॉल सात यार्डवर गेल्यावरही पुन्हा दोनच्याच मागे लागणं हा निव्वळ हट्ट होता, तिथे एक पॉइंट घेऊन ओव्हरटाइमला जायचं. आणि सॅन फ्रान्सिस्कोला खरी घोडचूक शेवटच्या दीड मिनिटात झाली. दहा पॉइंटने मागे, टचडाऊन एका यार्डवर, आणि तिसऱ्या डाऊनला बॉल पळवला, अडला, घड्याळ थांबवायचा एक टाइमआउट वाया गेला. पुढच्या प्लेला टचडाऊन झाला पण टाइमआउट कमी म्हणून ऑनसाइड किकच्या (छोटी किक मारून बॉल आपणच परत मिळवायचा) नशिबावर बसावं लागलं आणि ती त्यांच्या किटलने पकडली. शिव्या घालायच्या तर या प्लेला घाला, मी पण येते. पण याबद्दल कोणी बोलत नाही कारण यात "पैसे हातात होते आणि उधळले" असं सोपं काही सांगता येत नाही.

बरं, पुढच्या वर्षी तोच कोच, तीच खोड, १५ विजय, २ पराभव. आणि प्लेऑफमध्ये वॉशिंग्टनने घरच्या मैदानात ४५-३१ धुतलं, पाच वेळा बॉल घालवला आपण त्या दिवशी. तेव्हा मात्र फील्ड गोलवाले सगळे कुठे होते कोण जाणे, ग्रुपवर दोन दिवस नुसते गुड मॉर्निंगचे फोटो.