गच्चीला कोटिंग का केलं नाही: तुमच्या रिव्ह्यूला उत्तर

नमस्कार,

तुमचा रिव्ह्यू वाचला. तक्रार थोडक्यात अशी, की देखभालीचे पैसे घेऊन आम्ही आउटलेट (गच्चीवरचं पाणी खाली नेणाऱ्या पाइपची तोंडं) साफ केले, इथेतिथे फटी बुजवायचं सीलंट मारलं, पत्र्याचे स्क्रू बदलले आणि फोटोंची फाइल हातात दिली. कोटिंग, म्हणजे गच्चीवर पाणी अडवणारा रंगासारखा थर, केलंच नाही, आणि पहिल्याच मोठ्या पावसात स्टोअररूमच्या छताला डाग पडला. ‘एवढं तर वॉचमननेही केलं असतं’ असंही तुम्ही लिहिलंय. खाली माल ठेवलेला असताना वर डाग दिसला की राग येणारच. पण हातात पैसे थोडे असताना छताचं कोणतं काम आधी करायचं, हा प्रश्न तुमच्यासारख्या कितीतरी इमारतींपुढे असतो, म्हणून सविस्तर लिहितो.

आधी कोटिंग. मुख्य इमारतीच्या स्लॅबवर मागच्या दोन्ही आउटलेटपाशी पाणी साचत होतं. पाऊस थांबून ४८ तास झाले तरी पाणी हटत नसेल, तर उतारात किंवा निचऱ्यात दोष आहे असं या कामात धरतात. तुमच्या बजेटमध्ये बसत होतं ते ॲक्रिलिक कोटिंग. हे कोटिंग ऊन आणि वाहून जाणारा पाऊस चांगलं सोसतं, पण साचलेल्या पाण्याखाली राहिलं की मऊ पडतं, फुगतं आणि पापुद्रे धरून सुटतं. दुसरं कारण स्लॅबमधली ओल. ४५ सेंमी चौरस पारदर्शक प्लास्टिक चारही कडांनी टेप मारून स्लॅबवर किमान १६ तास ठेवायचं आणि मग उचलून बघायचं, अशी साधी चाचणी असते. तुमच्याकडे प्लास्टिकच्या आतल्या बाजूला थेंब धरले होते आणि खालचा स्लॅब काळपट पडला होता. फाइलमध्ये तो फोटो आहे. अशा स्लॅबवर कोटिंग केलं तर ऊन लागल्यावर आतल्या ओलीची वाफ होते, तिला बाहेर पडायला वाट मिळत नाही आणि कोटिंगला फोड येतात. पहिले काही महिने गच्ची पांढरीशुभ्र दिसली असती, पुढच्या पावसाळ्यात तीच खरवडून काढायचा खर्च आला असता. तो खर्च आम्ही तुमच्या माथी मारणार नव्हतो.

आता आउटलेट. जाळीवरचा पाला कोणीही उचलू शकतो, आणि तो वॉचमनने आठवड्यातून एकदा उचलावा असं आम्ही अहवालात लिहिलंच आहे. पण तुमच्याकडे अडचण जाळीच्या खाली होती. मागच्या डागडुजीत कोणीतरी पाइपच्या तोंडाभोवती सिमेंटचा थर दिला होता आणि तोंड आजूबाजूच्या स्लॅबपेक्षा उंच झालं होतं. पाणी तिथपर्यंत पोहोचायचं आणि कडेलाच थांबायचं. पाइप आणि स्लॅब यांच्यामधल्या फटीतून ते खाली झिरपत होतं, ते वेगळंच. आम्ही तोंडाभोवती साधारण ३० सेंमीपर्यंतचा भाग तासून १० ते १५ मिमी खोल केला, फट मोकळी करून पॉलिमर मॉर्टरने भरली, वर जाळीचं कापड घालून वॉटरप्रूफिंगचे दोन हात दिले आणि ते पाइपच्या तोंडात आत वळवले. सपाट जाळी काढून घुमटाच्या आकाराची बसवली, कारण सपाट जाळीवर एक प्लास्टिकची पिशवी येऊन बसली की आउटलेट बंद. घुमटाच्या खालच्या बाजूला पाला अडकला तरी वरून पाणी जात राहतं. शेवटी बादल्यांनी पाणी ओतून ते खालच्या चेंबरमध्ये जोरात पडतंय का हे पाहिलं.

यात इतका वेळ का घालवायचा, ते आकड्यांत सांगतो. त्या बाजूचं साधारण २०० चौरस मीटर छत या दोन आउटलेटवर अवलंबून आहे. तासाला ५० मिमी पाऊस झाला तर तिथे तासाभरात १०,००० लिटर पाणी येतं. आउटलेट तुंबले आणि ५ सेंमी पाणी साठून राहिलं, तर स्लॅबवर १० टन जादा वजन. पाणी जितकं जास्त वेळ थांबेल, तितकी त्याला बारीक भेग शोधायला सवड मिळते. पॅरापेटमध्ये, म्हणजे गच्चीच्या कठड्यात, जादा पाण्यासाठी एक वेगळं तोंड काढावं, त्याचा तळ आउटलेटपेक्षा सुमारे ५ सेंमी वर असावा, असंही अहवालात सुचवलंय. त्यातून पाणी पडताना दिसलं की खालचा आउटलेट तुंबला हे लगेच कळतं.

‘थोडं सीलंट’ म्हणजे काय, तेही बघा. सपाट छतं गळतात ती बहुतेक वेळा मधल्या मोकळ्या भागातून नव्हे, तर कडांतून आणि भोकांतून: पॅरापेट आणि स्लॅबचा कोपरा, पाइप, केबल, डिशच्या स्टँडचे बोल्ट. तुमच्या पाइपांभोवती जुनं सिलिकॉन होतं. सिलिकॉनवर दुसरं सीलंट नीट धरत नाही, त्यामुळे ते ब्लेडने पूर्ण काढावं लागलं. कडा घासून, हीटगनने कोरड्या करून, फटीत फोमची दोरी बसवली आणि मग पॉलीयुरेथेन सीलंट भरलं. दोरी घालायची ती सीलंट वाचवायला नाही. सीलंट फक्त दोन बाजूंना चिकटलं पाहिजे. तळालाही चिकटलं तर उन्हातान्हात जोड हलतो तेव्हा त्याला ताणायला जागा उरत नाही आणि ते मधोमध फाटतं. २० मिमी रुंद फटीला १० मिमी खोली पुरते. ६०० मिलीच्या एका पाकिटात अशी सुमारे ३ मीटर फट भरते. पॅरापेटच्या कोपऱ्यात जिथे वाटा (कोपऱ्यात दिलेली सिमेंटची गोलाई) सुटला होता तिथे तो नवा केला आणि वॉटरप्रूफिंग भिंतीवर १५० मिमी वर चढवलं. हे बसून, इंचाइंचाने करायचं काम आहे. झाल्यावर लांबून काहीच दिसत नाही, हे खरं.

मागच्या पत्र्याच्या शेडचं थोडक्यात. स्क्रूखालचे रबरी वॉशर उन्हाने तडकले होते आणि काही इतके आवळले होते की रबर बाहेर येऊन चिरलं होतं. वॉशर धातूच्या चकतीच्या कडेबाहेर किंचित दिसेल इतकाच दाब द्यायचा. जिथे भोक सैल झालं होतं तिथे एक माप जाड स्क्रू घातला. त्याच मापाचा नवा स्क्रू सैल भोकात पुन्हा फिरत राहतो. एसीचं पाणी तांब्याच्या पाइपवरून थेट पत्र्यावर ठिबकत होतं. तांब्यावरून आलेलं पाणी जस्ताचा थर खातं, म्हणून नळी लावून ते पन्हळीत सोडलं. आणि एक कळकळीची विनंती: त्या शेडवरच्या पारदर्शक शीटवर कोणालाही पाय ठेवू देऊ नका. अशा शीट माणसाचं वजन पेलत नाहीत. छतावर एकट्याने चढणंही बंद ठेवा.

आता डाग. स्टोअररूमच्या वर दोन इमारतींमधला एक्स्पान्शन जॉइंट आहे, म्हणजे बांधकामाला उन्हाने हलायला मुद्दाम ठेवलेली फट. त्याचं काम अहवालात ‘पुढचा टप्पा’ म्हणून लिहिलंय आणि सध्या फक्त ब्यूटाइल टेप (चिकट रबरी पट्टी) मारली आहे, हा उपाय खात्रीचा नाही, असंही त्याच ओळीत आहे. ते काम आधी का नाही घेतलं? जुनं झाकण काढायचं, दोन्ही कडा १०० ते १५० मिमी उंच करायच्या, जॉइंटच्या पूर्ण लांबीवर नवी लवचिक पट्टी आणि वर पत्रा. एवढ्यात तुमचं जवळजवळ सगळं बजेट गेलं असतं आणि आउटलेट तुंबलेलेच राहिले असते. जॉइंट उताराच्या वरच्या टोकाला आहे. खाली निचरा चालू असेल तर तिथे पाणी थांबत नाही. निचरा बंद असेल तर साठलेलं पाणी तिथपर्यंत चढतं. म्हणून क्रम तसा ठेवला, आणि आजही तोच ठेवू.

मात्र डाग जॉइंटमुळेच पडला, हे तुम्ही टाकलेल्या फोटोवरून ठरवता येत नाही. त्याच छताखालून एसीचा थंड पाइप जातो, आणि त्याचं आवरण एका जागी फाटलेलं आहे. दमट हवेत अशा जागी पाणी धरतं आणि डाग हुबेहूब गळतीसारखा दिसतो. शोधायची पद्धत अशी: डागाच्या कडेला पेन्सिलने रेघ ओढा आणि तारीख लिहा. कोरड्या दिवसांत एसी चालू असताना डाग रेघेबाहेर गेला, तर पाइपकडे बघायचं. फक्त पाऊस झाल्यावर वाढला, तर छताकडे. मग छतावर होजने पाणी सोडायचं, सुरुवात खालच्या भागापासून. एका ठिकाणी १५ ते २० मिनिटं, आणि खाली एक जण टॉर्च घेऊन उभा. सगळीकडे एकदम पाणी मारलं तर ओल येते, पण कुठून आली ते कळत नाही. पाणी स्लॅबमधून आडवं प्रवास करून भलतीकडे उतरतं, त्यामुळे डागाच्या बरोबर वरची जागा फोडू नका, कोणी कितीही खात्रीने सांगितलं तरी.

ही चाचणी आम्ही करून देतो, तिचे वेगळे पैसे नाहीत. येण्याआधी एवढं करून ठेवा: पेन्सिलची रेघ आजच ओढा, डागाखालचा माल हलवा, आणि आमच्या भेटीनंतर गच्चीवर कोण कोण गेलं (एसीवाले, केबलवाले, टाकी साफ करणारे) त्यांची यादी काढा. नवं भोक किंवा पडलेला स्क्रू सापडला तर बराच वेळ वाचतो. जॉइंटचं काम लागलंच, तर ते दोन भागांत करता येईल. स्टोअररूमवरचा भाग आधी, उरलेला पुढच्या वर्षीच्या बजेटमध्ये. ॲक्रिलिक कोटिंगचा विचार प्लास्टिकची चाचणी कोरडी आल्यावर आणि ४८ तासांनी आउटलेटपाशी पाणी उरत नाही हे पाहिल्यावर करू. फाइलमध्ये गच्चीचा नकाशा चौकोनांत विभागलेला आहे. डाग कोणत्या चौकोनाखाली येतो ते फोनवर सांगितलंत, तर त्याप्रमाणे सामान घेऊन येऊ.